नावाचं कडवं

पंखा बंद, फ्रिज बंद, खिडकीला गोधडी टांगलेली. एप्रिलच्या भर दुपारी मनकर्णाबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीत घामानं निथळत बसल्या होत्या. समोर स्टीलच्या डब्यावर मुठीएवढा माइक होता. नातीनं, अमृतानं, तो औरंगपुऱ्याच्या बाजारातून घासाघीस करून आणलेला. वायर लॅपटॉपला जोडली की झालं, असं दुकानदार म्हणाला होता. झालं मात्र काहीच नव्हतं. सकाळपासून गाणं चार वेळा म्हणून झालं आणि चारही वेळा एकाच जागी फाटलं.

"पुन्हा लाल," अमृता म्हणाली. लॅपटॉपवर आवाजाची हिरवी पट्टी होती. आवाज झेपेनासा झाला की ती लाल व्हायची, आणि मग ऐकताना नुसती खरखर. "आजी, बाकी सगळं झकास येतंय. शेवटच्या कडव्यातच फाटतंय. तू तुझं नाव घेतेस ना, तिथं."

नेमकं तेच कडवं हवं होतं. गाणं रचणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं, ही भीमगीतं गाणाऱ्या गायन पार्ट्यांची जुनी रीत. मनकर्णाबाईंनीही गुंफलं होतं. लेकीचं नाव शाळेत घातलं, त्या वर्षीच्या भीमजयंतीसाठी त्यांनी हे गाणं रचलं होतं. कागदावर नव्हतं, गळ्यात होतं. गेल्या आठवड्यात शेजारच्या पारूबाईचा मोबाइल वाजला, तर रिंगटोनमध्ये तेच गाणं. अमृतानं यूट्यूबवर शोधलं. शब्द तेच, चाल तीच, फक्त शेवटी 'गोकुळ हा सांगतो'. कोण कुठला गोकुळ, लाखभर लोकांनी त्याला ऐकलेलं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. मनकर्णाबाईंचं काळीज दोन दिवस जळत राहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माइक आण."

"याचा आवाज कमी करायला काय बटण नाय का?" त्यांनी विचारलं.

"स्वस्तातला आहे, त्याला बटण कुठून येणार? लॅपटॉपमधून कमी केला की आधीची कडवी बुडतात." अमृतानं कपाळाचा घाम पुसला. "तू असं कर, नाव तेवढं हळू घे."

मनकर्णाबाईंनी चष्मा काढला, पदरानं सावकाश पुसला, पुन्हा लावला.

"नाव हळू घेऊ? का गं, चोरीचं हाय का?"

मनकर्णाबाई माइककडं बघत होत्या. एवढंसं कार्टं, पण हट्टाला पेटलेलं. त्याही काही कमी नव्हत्या.

"आमच्या पार्टीत एकच माइक असायचा," त्या म्हणाल्या. "ज्याचा गळा मोठा, त्यानं मागं उभं ऱ्हायचं. मी कायम ढोलकीवाल्याच्या बी मागं. लई राग यायचा तवा." मग गुडघ्यावर हात देत त्या उठल्या आणि खुर्चीपासून दारापर्यंतची पावलं मोजली. सहा भरली. "दार उघड."

"गल्लीतला आवाज येईल, आजी."

"येऊ दे. गल्लीत काय माणसं नायत का?"

पाचव्यांदा सुरू झालं. पहिली कडवी खुर्चीत बसून, पोरीच्या कानात सांगावं तशी:

पाटी काखंत घेऊन लेक चालली शाळंला,
भीमरायाचं देणं आलं माझ्या उंबऱ्याला.

शेवटचं कडवं आलं तशा त्या उठल्या. सूर न सोडता एकेक पाऊल मागं सरकल्या. उंबरा ओलांडला. गल्लीत ऊन रणरणत होतं. पारूबाई नळावर बादली लावून उभी होती. मनकर्णाबाईंनी छातीत श्वास भरला आणि पटांगणातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जावं तसा गळा सोडला:

मनकर्णा ही सांगते साऱ्या आयाबायांला,
लेक शिकू द्या गं, मग कोण अडवील तिला.

आत अमृता पट्टीवर डोळे लावून बसली होती. पट्टी चढली, लालपर्यंत पोचली असं वाटलं, आणि हिरवीच राहिली. तिनं हेडफोन लावून कडवं पुन्हा ऐकलं. दुरून, पण लख्ख. प्रत्येक अक्षर सुटं. ती धावतच दारात आली.

"आलं, आजी. नाव आलं. पण एक घोटाळा झालाय. लॅपटॉपचा कॅमेरा चालू होता, तो खुर्चीकडं रोखलेला. शेवटच्या कडव्यात तू दिसतच नाहीस, नुसती रिकामी खुर्ची दिसतेय."

"दिसू दे," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "तसंच टाक."

नळावर पारूबाईची बादली भरून वाहत होती. तिनं नळ बंद केला आणि मनकर्णाबाईंकडं टक लावून बघितलं. बादली उचलून घराकडं निघाली आणि जाता जाता सवयीनं तेच गाणं गुणगुणू लागली. शेवटच्या कडव्याला आली तशी थबकली. बादली खाली ठेवली, हात बदलला. मग पुन्हा उचलली, आणि चालता चालता म्हणाली, "मनकर्णा ही सांगते..."