कॅल्शियमचा डबा

“लग्न ठरलं की पोरीला आधी माझ्याकडं घेऊन या. फिट थांबवणारी ही गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते. मनानं बंद करायची नाही. पण बदलायची का, कोणती घ्यायची, ते तिला सगळं समजू द्या. मग तीच ठरवील.”

डॉक्टरीणबाईंचा तो आवाज तिसगावपासून नगरपर्यंत एसटीत मुक्ताबाईच्या कानात घुमत होता. तेव्हा तिनं मान हलवली होती. बाईंनी दिलेला माहितीचा कागद घरी आणला आणि देव्हाऱ्यात मोहटादेवीच्या तसबिरीमागं सरकवला. कुणाला कळलं असतं तर सोयरीक मोडली असती. त्यानंतर रोज तिन्हीसांजेला तिनं देवीपुढं दिवा लावला. एकदाही दिवा चुकला नाही. एकदाही कागद बाहेर निघाला नाही.

लेकीला, वृषालीला, ती दर महिन्याला नगरला, सावेडीतल्या तिच्या सासरी, गोळ्या पोचवायची. पाकिटातून सोडवून, कॅल्शियमच्या डब्यात भरून. सासरी कुणी विचारलंच, तर हाडांच्या गोळ्या. तिथं चहा विचारला, की ‘आज उपास हाय’ म्हणून ती उठायची. काल वृषालीचा फोन आला, “आई, आता मी आणि पंकज बाळाचा विचार करतोय.” आज मुक्ताबाईनं तसबिरीमागचा कागद काढून पिशवीत घातला आणि एसटी धरली.

विहीणबाई, भामाबाई, चहा टाकायला आत गेल्या तसा तिनं पिशवीतून कागद काढला.

“वृषे, लई मोठं पाप झालंय माझ्या हातनं. हे तुला लग्नाआधी द्यायचं हुतं.”

वृषालीनं कागदावर नजर टाकली. मग उठून कपाट उघडलं. साड्यांखाली कॅल्शियमचे अकरा डबे होते. पहिले तीन रिकामे. बाकीच्या आठांचं झाकणही उघडलेलं नव्हतं.

“मी पंकजला सगळं सांगितलं, आई. इथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. मीच दुसरी गोळी निवडली. हळूहळू बदलली.”

“आन सासूबाईंला?”

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. “सासूबाईच घेऊन गेल्या हुत्या दवाखान्यात, विहीणबाई! साखर किती टाकू? का आजबी उपासच हाय?”

मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला. “मला का न्हाई गं सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर या घरात मान वर करून आली असतीस का तू?”

मुक्ताबाईची मान आताही वर होत नव्हती.

निघताना वृषालीनं कागद घडी करून तिच्या हातात दिला. “शेजारच्या साळूमावशीच्या संस्कृतीला तीच गोळी आहे ना? लग्न ठरलंय म्हणे तिचं. हा तिला दे. मावशीला नाही, तिलाच. देशील?”

“देते.”

तिसगावला उतरेपर्यंत दिवेलागण झाली होती. घराला कुलूप, देव्हाऱ्यात अंधार. मुक्ताबाई दारापाशी क्षणभर थांबली.

“आये, आज जरा दम धर,” ती देवीला हळूच म्हणाली आणि साळूबाईच्या दाराकडं वळली. संस्कृतीला कागद द्यायचा होता. आणि एक डबा परत मागायचा होता. कॅल्शियमचा, रिकामा. गेल्याच आठवड्यात, युक्ती समजावून सांगत, तिनं स्वतः साळूबाईला दिलेला.