नुसतं ऐकायला

तिसऱ्यांदा त्याच गल्लीतून जाताना बाबली त्याच दुकानासमोर पुन्हा थांबला. दुकानदाराने मान वर केली, तसा तो घाईघाईने म्हणाला, "हय भजनाचो वर्ग खंय भरता?"

दुकानदाराने देवळाकडे बोट केलं. बाबली मान डोलावून देवळाच्या उलट दिशेला निघाला.

दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक डिचोलीत रविवारी तीन वाजता भरते, शाळेच्या मागच्या खोलीत, एवढं त्याला फोनवर सांगितलं होतं. बैठक पेडण्यातही होती. पण तिथे शेजारच्या खुर्चीत गाववालाच निघायचा, म्हणून हा पठ्ठ्या दोन बस बदलून इथे आला होता. आयुष्यात कधी गुत्त्याचा पत्ता विचारावा लागला नव्हता, आणि आज हा पत्ता विचारायच्या ऐवजी तो भजनाचा वर्ग विचारून बसला होता.

"बैठक सोदतंस मां, बाबा?"

मागे पन्नाशीची एक बाई उभी होती. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात उंड्या पावांची पिशवी. बाबलीने गुपचूप पिशवी आपल्याकडे घेतली आणि तिच्यामागून चालू लागला.

"तुमी पण..." त्याने विचारलं आणि पुढचं गिळलं.

"सात वर्सां येतंय. एक आयतवार चुकवूक नाय."

"घरकार रागावनत नाय?" त्याने नवऱ्याबद्दल विचारलं.

"ते गेले."

"सोऱ्यान? दारू पिवन?"

"लोक तसाच म्हणतत," ती म्हणाली आणि कमरेची किल्ली काढून तिने खोली उघडली.

किल्लीला तांब्याची एक गोल चकती अडकवलेली होती. मध्ये एकाचा आकडा. एक वर्ष थेंब न घेता काढलं की बैठकीत हे पदक देतात, तिने सांगितलं. सात वर्षं येणाऱ्या बाईकडे एकाचंच पदक कसं, असं बाबलीच्या मनात आलं. मधेच पाय घसरला असेल बिचारीचा. बायकांना असलं विचारू नये.

हळूहळू आठ-नऊ माणसं जमली. सगळे तिला यशोदावहिनी म्हणत होते. बैठक चालवणाऱ्या श्रीनाथमास्तरांनी नव्या माणसासाठी नियम सांगितले. नुसतं नाव सांगायचं. जबरदस्ती कोणावर नाही. इथलं बोलणं इथेच राहणार.

मास्तरांच्या अंगात पांढरा सदरा होता. बाबलीने नजर काढून घेतली. पांढरा सदरा त्याला बघवत नसे. डोळा लागला की एक माणूस रस्त्यावर उठून बसायचा आणि आपलाच सदरा हुंगत राहायचा. ते दिसू नये म्हणून बाबली प्यायचा. पिऊन पिऊन ट्रक गेला, बायको सुविधा माहेरी गेली. तो माणूस तेवढा गेला नाही. आज त्याच्याबद्दल बोलायला जमलं नाही, तर घरी जाताना पहिल्या गुत्त्यावर आपण उतरणार, हे बाबलीला पक्कं ठाऊक होतं.

यशोदावहिनींची वेळ आली. "मी आज नुसता आयकतंय," त्या म्हणाल्या. कोणी आग्रह केला नाही.

मग त्यांनी बाबलीच्या हातात चहाचा कप दिला. "बोल, बाबा. पोटात ठेवलेला कुजता."

बाबली उभा राहिला.

"माजा नाव बाबली. मी दारू पितंय." एवढंच बोलून बसायचं त्याने येताना ठरवलं होतं. पण तोंड थांबेना. "सात वर्सांमागे, खाणी बंद पडाच्या आदी, पाळी गावच्या वळणार माज्या ट्रकाखाली एक माणूस इलो. पिलेलो मी होतंय. तेच्या तोंडाक वाससुदीक नव्हतो. उतरान बघलंय, तर तो खलास. रस्त्यार कोण नाय." त्याने चहाचा कप खाली ठेवला. "ट्रकात सिटाखाली अर्दी बाटली होती. ती मी तेच्या सदऱ्यार ओतलंय. दारुडो मेलो म्हटल्यार ट्रकवाल्याक कोण सोदीत? तेची मूठ घट्ट मिटलेली. ती उघडून बघूचो धीर जावक नाय. ट्रक काढलंय आणि गेलंय."

बाबलीकडे कोणीच बघत नव्हतं. सगळे यशोदावहिनींकडे बघत होते. बाईमाणसासमोर असलं बोलायला नको होतं, असं वाटून त्याने मान खाली घातली. पण सात वर्षांत पहिल्यांदाच त्याला रडू आलं होतं, आणि रडताना फार बरं वाटत होतं.

यशोदावहिनी उठल्या. त्यांनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. चकती वाजली.

"वहिनी, बसा," मास्तर हळूच म्हणाले.

त्या बसल्या नाहीत.

"माजा नाव यशोदा. मी जल्मात कधी थेंब घेवक नाय. ही चकती माजी नाय, त्या मिटलेल्या मुठीतली." बाबलीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खोलीतल्या एकेकाच्या तोंडाकडे बघत त्या म्हणाल्या, "आयकलात मां सगळ्यांनी? आमचे घरकार त्या दिसा पिलेले नव्हते."