जमलेली एकच गोष्ट

नातीच्या वाढदिवसाला एक गाणं पूर्ण वाजवायचं, एवढ्यासाठी आजी युकुलेलेच्या क्लासला जात होत्या. एक कॉर्ड सोडून दुसरी धरेपर्यंत गाणं पुढे निघून जायचं.

"आजी, तुमची गाडी परत सिग्नलला अडकली!" शेजारची मुलगी हसायची.

आज सरांनी नवा स्ट्रोक दाखवला. तारांवर बोट टेकवून मनगट भरभर हलवायचं. कुणालाच जमेना. आजींनी नुसतं बोट टेकवलं आणि तारा एकसारख्या झणझणू लागल्या.

"वा आजी! याला लोकांना सहा महिने लागतात," सर म्हणाले. "बास, थांबा आता."

आजींनी वाद्य बाजूला ठेवलं, हात मांडीवर घेतला.

दुसऱ्या हाताने दाबून धरला, तरी तो तसाच हलत राहिला.