लाखेचा रंग

“काका, उचलूचा मा मशीन?” भंगारवाल्या बाबलने विचारलं. विश्रामकाकांनी मान डोलावली. सावंतवाडीच्या बाजारात परदेशी प्लास्टिकची स्वस्त खेळणी आली, तेव्हापासून त्यांच्या लाकडी गाड्यांना गिऱ्हाईक नव्हतं. लाकूड कातायचं मशीन तीन वर्षं बंदच होतं.

तेवढ्यात अंगणवाडीच्या शालनताई धापा टाकत आल्या. “काका, त्या स्वस्त खेळण्यांचो रंग पोरांच्या तोंडाक लागता. पोरांच्या आवशी माझ्याशी भांडूक इल्यो. आता तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाड्यांक तुमचीच खेळणी व्हयी.”

काका मशीनवर हात ठेवून हसले. “लाखेचोच रंग देतलंय. पोरांनी खुशाल चोखूचो.”

बाबल रिकाम्या टेम्पोकडे निघाला, पण दारातूनच मागे वळला.

“काका, पयली गाडी माझ्या नातीक ठेवा.”