सातव्या सीटच्या जागी

खिडक्यांना पिवळ्या फुलांचे पडदे.

सातव्या सीटच्या जागी गॅसची शेगडी.

पायरीखाली चंपाबाईच्या चपला, विहाराबाहेर काढाव्यात तशा, जोडीनं.

निळ्या रंगाखाली एक बोल्ट.

दोन दिवे, कोऱ्या चहाच्या रंगाचे.

फुलंब्रीत, कडुबाच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बस उभी होती. अठरा वर्षं कडुबानं ती चालवली होती, फुलंब्री ते वाळूज, कंपनीच्या शिफ्टची माणसं भरून. त्यांतलाच एक सांडू. सातव्या सीटवर बसायचा आणि हर्सूल यायच्या आत झोपायचा. आता बस सांडूची होती. आत पलंग होता, छोटी मोरी होती, कपड्यांना खुंट्या होत्या. उद्या सकाळी सांडू आणि त्याची बायको सरूबाई तिच्यातून निघणार होते. आधी नागपूर, मग मन लागेल तिकडं.

"तीन गॅरेज झाले," सांडू म्हणाला. "नवे बल्ब टाकले, नवी बॅटरी टाकली. उजेड काय पडंना. म्हटलं, हिची नाडी कडुबालाच ठाऊक."

कडुबा बसच्या पुढच्या जाळीपाशी उकिडवा बसला. डाव्या दिव्यामागं हात घातला. बोटांना बोल्ट लागला. गुळगुळीत. पेंटरनं गाडी रंगवताना तोही रंगवून टाकला होता. दोन्ही दिव्यांची अर्थिंगची तार त्याच बोल्टाखाली होती, आणि रंगातून करंट जात नाही. पाच मिनिटांचं काम.

आतून चंपाबाईचं हसू ऐकू आलं. मग सरूबाईचा आवाज, "पाय लांब करा की वैनी. लाजता कशाला, घरच हाय."

पलंगाची फळी करकरली. चंपाबाई, कडुबाची बायको, या बसमध्ये आज पहिल्यांदा चढली होती. कंपनीची गाडी, घरच्या माणसांना बसवायचं नाही, हा नियम त्यानं अठरा वर्षं पाळला. एकदा ती भर उन्हात फाट्यावर उभी होती. त्यानं हॉर्न वाजवला आणि गाडी पुढं नेली.

त्यानं हात बाहेर काढला, फडक्याला पुसला.

"वायरिंग गेलं सगळं," तो म्हणाला. "पंधरा दिवस तरी लागतील. आन् म्हातारी गाडी हाय. नागपूरपर्यंत जाईल का, सांगता येत नाय."

सांडू खाली बसला. "पंधरा दिवस? सरूनं लाडू बी बांधले रे."

"मग खा इथंच. झोप बी इथंच. तुला सवय हाय या गाडीत झोपायची."

सांडू हसला नाही.

पडदा सरकला. चंपाबाईनं डोकं बाहेर काढलं. अंबाडा सुटला होता.

"आवो, त्या डाव्या दिव्यामागचा बोल्ट खरवडला का?"

कडुबानं वर बघितलं नाही.

"दर पावसाळ्यात खरवडायचे ह्ये," ती सांडूला म्हणाली. "जेवताना रोज गाडीचंच पुराण. बोल्ट घासला की दिवा लख्ख. मला सगळी गाडी तोंडपाठ हाय, भाऊजी. बसायला तेवढं मिळालं नाय."

कडुबानं खिशातून पॉलिश पेपर काढला. तो आधीपासूनच खिशात होता. सांडूनं पेपरकडं पाहिलं, मग कडुबाकडं.

निळा चुरा मनगटावर पडत राहिला. त्याखालून अस्तराचा पांढरा. बोल्टाच्या कडेला कंपनीचा जुना पिवळा. मग लोखंड.

तार पुन्हा कसून तो म्हणाला, "लाव."

सांडू ड्रायव्हरच्या सीटवर चढला. बटण ओढलं. समोरच्या पत्र्यावर असा उजेड पडला की त्यातला एकेक खिळा दिसला. सरूबाईनं आतून टाळी वाजवली.

चंपाबाई उतरली नाही. पडदा परत ओढला गेला. चपला पायरीखाली तशाच राहिल्या.

कंपनीनं काढलेल्या बसच्या लिलावाची नोटीस सगळ्यात आधी कडुबाच्या हातात आली होती, आणि सांडूला ती त्यानंच वाचून दाखवली होती, थट्टा म्हणून: घे, तुझी झोपायची जागा इकायला निघाली.