वेळेआधी

बाबांच्या डायलिसिसच्या खाटेशेजारी बसून तिने ऑनलाइन कोर्स केले, जादा परीक्षा देऊन क्रेडिट जमवले आणि तीन वर्षांची पदवी दोनच वर्षांत पदरात पाडून घेतली. ती बाबांच्या डोळ्यांदेखत व्हावी, एवढ्यासाठीच सगळा आटापिटा.

"वेळेआधी गाडी सोडली की पॅसेंजर चुकतात, बाईसाहेब," जन्मभर बस चालवलेले बाबा चिडवायचे.

तिने निकाल दाखवला, तेव्हा ते समाधानाने हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डायलिसिसला जायचंच सोडलं. कुणाचं ऐकलं नाही. आठवडाभरात गेले.

ती वॉर्डात आभार मानायला गेली, तेव्हा नर्स म्हणाली, "मला वाटलं होतं, अजून वर्षभर तरी येतील. 'पोरीची पदवी होईपर्यंत सुया टोचून घेईन, मग बास,' म्हणायचे."