व्हायोलिनच्या पेटीतली पानं

मास्तर गेले आणि मठाच्या गायकवृंदासाठी ते रचत असलेला मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची संगीतरचना, अपुरा राहिला. ईस्टरच्या तोंडावर त्यांच्या पत्नीनं, मास्तरीणबाईंनी, त्याची शेवटची पानं डॅन्यूबकाठच्या मठात आणली. "व्हायोलिनच्या पेटीत सापडली," म्हणाल्या. "एवढे दिवस पेटी उघडलीच नव्हती वाटतं," वृंदातला उंच पट्टीत गाणारा टेनर पुटपुटला. मठाधिपतींनाही शंका होती. "अक्षर मास्तरांसारखं आहे. पण दुसऱ्या कुणाचं निघालं, तर मिस्सा कपाटात जाईल. इग्नात्स, तू वीस वर्षं त्यांचं गायलास. तू सांग." मी पानं चाळली. मास्तर प्रत्येक रचनेत माझ्यासाठी एकदा तरी खोल खर्ज ठेवायचे. इथे नव्हता. त्यांच्या दफनाला बर्फात उभा राहून मी तापाने पडलो, आणि माझा खर्ज कायमचा गेला. ते ठाऊक होतं फक्त मला, आणि तेव्हा रोज सूप घेऊन येणाऱ्या बाईंना. मी वर पाहिलं. बाई माझ्या मफलरकडे बघत होत्या. "मास्तरांचंच," मी म्हणालो.